दोहाला गेलो ते गंजासाठी

आधीच सांगतो, हे सगळं मी अजून चिडलेला असतानाच लिहितोय. व्हिसा, टॅक्सी, खाणंपिणं यांची माहिती मधे मधे मिळेल. प्रसन्न वर्णन हवं असेल त्यांनी दुसरा ब्लॉग बघावा.

माझा छंद जुन्या जपानी तलवारी-सुऱ्यांच्या पात्यांचा, आणि तोही डागी पात्यांचा. सहा-सातशे वर्षांचं, लोहाराच्या सहीचं, निर्दोष पातं घ्यायचं तर घर विकावं लागेल. पण त्याच वयाच्या पात्यावर, पोलाद घडी घालून ठोकतात त्या घडीचा सांधा उघडलेला असला, पोलादाला फोड आलेला असला, की पैसेवाले नाक मुरडतात आणि किंमत माझ्यासारख्या सांगलीच्या स्पेअरपार्टवाल्याच्या आवाक्यात येते. धारेला आडवी चीर असेल तर मात्र पातं मेलं, फुकटही घेऊ नका. बाकीचे डाग चालतात. मुठीच्या आत जो दांडा दडलेला असतो, त्यावरचा काळा गंज तेवढा शाबूत हवा. सही नसेल तर वयाचा पुरावा तोच, आणि किंमत ठरते ती त्याच्याच जोरावर.

२००७ च्या जानेवारीत उस्मानचा ईमेल आला. उस्मान म्हणजे रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधला माझा रूम पार्टनर. दोहात नोकरी करतो आणि देश सोडून जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचं सामान घाऊक विकत घेण्याचा जोडधंदाही करतो. गालिच्यांच्या ढिगात त्याला एक वीतभर सुरा मिळाला होता. सही नव्हती. पात्यावर उघडा सांधा होता, आणि दांड्यावर असा काळाभोर गंज की फोटो बघून मला गल्ल्यावर बसवेना. फोनवर किंमत ठरली. मी बजावलं, "कुणाला हात लावू देऊ नकोस." तो म्हणाला, "अरे, जिवापाड जपतो."

फेब्रुवारीत निघालो. व्हिसा उस्माननेच काढला. तिथे आपलं कोणी असेल तर हे काम सोपं जातं. मुंबईहून साडेतीन-चार तासांचं विमान. विमानतळावरून अल मुंतझाला, म्हणजे उस्मानच्या वस्तीत, टॅक्सीने वीसेक रियाल, आणि रियाल म्हणजे अकरा-बारा रुपये. हवा छान, संध्याकाळी स्वेटर लागतो. पण जिकडे तिकडे क्रेन आणि खोदकाम, त्यामुळे दात चावले की वाळू लागते. जुनी घरं पाडायची आणि काचेची उभी करायची, एवढा एकच उद्योग गावात चाललेला. चकचकीत करायच्या या सोसाचा मला पुढे चांगलाच प्रसाद मिळणार होता.

भाभींनी हामूर माशाचं सार आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तसं जेवण दोहातल्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. हात धुऊन आलो तर उस्मानने मखमली डबा समोर ठेवला. "डोळे मीट. आता उघड!"

दांडा स्टीलच्या चमच्यासारखा चमकत होता. सांधा दिसतच नव्हता. त्यात गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी भरून वर हाताने घासून घेतलं होतं.

"अंकल, इट्स सो शायनी नाऊ!" त्याची मुलगी म्हणाली.

"हे कुणी केलं?" माझा आवाज चढला.

"तुझ्यासाठीच केलाय रे! पाहुण्याला गंजका सुरा देऊ? वर पॉलिशचे पन्नास रियाल मी माझ्या खिशातून दिलेत."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. सहा-सातशे वर्षं कुणाच्या बापाला जो गंज हलवता आला नाही, तो यांनी एका दुपारी उडवला. भाभी मुलीला घेऊन आत गेल्या.

सकाळी उस्मान मला इंडस्ट्रियल एरियातल्या त्या गॅरेजवर घेऊन गेला. पॉलिश करणारा नांदेडकडचा निघाला. पात्याला धार होती म्हणून त्याने फक्त दांड्यालाच चाक लावलं होतं. तेवढं नशीब.

"कशाला चिडूलालात साहेब?" तो म्हणाला. "ॲसिड अन् मिठाचं पाणी. दोन दिवसांत गंज आणून देतो, पाहिजे तसा काळा!"

"बघ, खलास! प्रॉब्लेम सुटला," उस्मान खूश झाला.

तसा गंज चढवला असता तर किंमत परत आली असती. दहा जणांपैकी नऊ जणांना तो ओळखूही आला नसता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. त्या मोहाचाही राग आला. याच ॲसिडच्या गंजाने बाजार नासवलाय, याच गंजाला मी दोनदा फसलोय. "एक थेंब लागला तर याद राख," मी ओरडलो. शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली.

घरी येऊन सुईने लांबी उकरून काढली. सांधा पुन्हा दिसू लागला तेव्हा जरा जिवात जीव आला. उस्मान एक रियालही घ्यायला तयार नव्हता. मी अर्धी किंमत जबरदस्तीने दिली. उरलेली अर्धी गंजाची होती, आणि तो त्या गॅरेजच्या फरशीवर भुकटी होऊन पडला होता. निघताना करक, म्हणजे तिथला कडक दुधाचा चहा प्यायलो, एक रियालला एक कप. गेलात तर जरूर प्या.

मुंबईला कस्टमच्या माणसाने डबा उघडायला लावला. "अँटिक आहे," मी म्हणालो.

"हे अँटिक?" दांडा बघून तो हसला. "शोपीस आहे हो. जा."

असं ते पातं माझ्या घरात शोपीस म्हणून आलं. मी आता ते कुणालाही जुनं म्हणून विकू शकणार नाही. विकायचं नाहीच, पण माझ्यानंतर त्याला जुनं कोण मानणार?

महिन्याभराने दांड्यावर मोहरीएवढा तांबडा ठिपका दिसला. बायको तेलाची चिंधी घेऊन धावली. "हात लावू नकोस!" मी असा ओरडलो की ती दचकलीच. तो काळा व्हायला दोन-तीनशे वर्षं लागतील. लागू देत. तो खरा आहे.

फोटो काढून उस्मानला पाठवला. म्हटलं, आता तरी कळेल. अर्ध्या तासात उत्तर आलं: "अरेरे, परत डाग पडला? कुणाबरोबर तरी पाठवून दे, एकदम नवा करून देतो."