स्केलप्रमाणे

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि लिंबागणेशला शेतावर राहायला आलो. ही माझी शेवटची पोस्टिंग. सगळी नोकरी श्वानपथकात गेली. पिल्लांच्या केनेलवर माझ्या जोडीला, एक हुद्दा खाली, नाईक दशरथ होता, आमच्याच गावचा. सुट्टीवर आला की आईला म्हणायचा, "तुला वासराएवढा कुत्रा आणून देतो." पुढे सीमेवर सर्च पेट्रोलिंगमध्ये सुरुंग फुटला. तो गेला, आणि ते राहून गेलं.

कडा गावच्या एका बागायतदाराने त्याची वासराएवढी ग्रेट डेन मादी, राणी, बाळंतपणासाठी माझ्याकडे आणून सोडली. मोबदला म्हणून मी एक पिल्लू मागितलं. ते कुणाचं, हे ठरलेलंच होतं.

राणीला सात पिल्लं झाली. सकाळी सहाला माझं काम सुरू व्हायचं. गोणपाट बदलायचं, कोरडं आणि उबदार आहे का बघायचं. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा आणि तराजूत वजन घ्यायचं. ज्याचं वजन वाढलं नाही, ते आजारी समजायचं. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे. अशक्त पिल्लाला मागच्या सडाला लावायचं, तिथे दूध जास्त असतं. पिल्लं पायावर उभी राहिली की पिल्लांचं खाद्य भिजवून मऊ करून ताटलीत द्यायचं. पहिल्या दिवशी सातही ताटलीत बसली. जेवण कमी झालं, आंघोळ जास्त.

आता लोकांना न पटणारी गोष्ट. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. हाडं पक्की व्हायच्या आत वजन वाढलं की पाय दगा देतात. बरगडी दिसू नये, पण हाताला लागली पाहिजे. खाणं थोडं थोडं, विभागून. खाल्ल्यावर पळवायचं नाही. वरून कॅल्शियम तर मुळीच नाही, खाद्यात असतं तेवढं पुरतं.

दशरथची आई, सोनाकाकू, रोज बघायला यायची. तिने आपलं पिल्लू निवडलं आणि नाव ठेवलं सायब.

"माझा दशरथ जलमभर सायबांच्या हाताखाली राह्यला," ती म्हणाली. "आता सायब माझ्या हाताखाली."

राणीला आणि सहा पिल्लांना बागायतदार घेऊन गेला. सायब लसी पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे होता. तेवढ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी मला आणि बायकोला पुण्याला जावं लागलं. काकू शेतावर मुक्कामाला आली. निघताना मी ऑर्डर दिली, "स्केलप्रमाणे द्यायचं. जास्त नाही, कमी नाही."

"म्हाईत हाय," काकू म्हणाली. "दशरथ बी हेच म्हनायचा."

रोज संध्याकाळी फोन यायचा. फोनवर वायरलेससारखं बोलायला तिला दशरथने शिकवलं होतं.

"सायब जेवले. लई झपाट्यानं वाढायलेत. ओव्हर."

"शाब्बास काकू. ओव्हर."

तिसऱ्या आठवड्यात आवाज बदलला.

"विठ्ठला, सायब खाली बसायलेत. पुढचे पाय वाकडे पडायलेत." ओव्हर म्हणायचं ती विसरली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. सायब उभा राहिला की पुढचे पाय पंजाच्या वर पुढे झुकत होते. अंगाने मात्र गोलमटोल. बरगडी हाताला लागेना.

"काकू, स्केलप्रमाणे दिलं ना?"

"तर. रोज मोजलं." तिने कोनाड्यातून लाकडी फूटपट्टी काढली. दशरथची शाळेतली. "स्केलवर सायब जितके वाढले, तितकं तूप वाढवलं. आन म्हशीला पाजत्यात ते कॅल्शियम."

फौजेत स्केल म्हणजे ठरवून दिलेलं रेशन. शाळेत स्केल म्हणजे पट्टी. मला हसू आलं, पण काकूचा चेहरा बघून गिळलं.

बीडहून डॉक्टर आले. पाय दाबून बघितले. म्हणाले, "कॅल्शियम बंद, तूप बंद. फरशीवर ठेवू नका, मातीत फिरवा. हाडं वाकली नसतील तर सुधारेल."

काकूने पिशवी भरली. "मला नको देऊस ते. माझ्या हातात न्हाई ऱ्हात काही."

"पिशवी खाली ठेवा," मी म्हणालो. "ड्युटी अर्धवट सोडून जायला परवानगी नाही."

"तू कोन लागून गेलास परवानगीवाला?"

"हवालदार."

"माझा नाईक तुझ्या माघारी तुला काय म्हनायचा म्हाईत हाय मला," ती म्हणाली. पण पिशवी ठेवली.

त्या दिवसापासून मापाची वाटी तिच्या हातात दिली. सायब ताटली चाटून तिच्याकडे बघायचा. ती म्हणायची, "बघू नगं बे, स्केल संपली." मग स्वतःच तोंड फिरवायची. रोज नांगरटीच्या मऊ रानात हळूहळू चालणं. आधी पोट उतरलं. मग एका सकाळी काकूने हाक मारली तेव्हा सायब चारही पायांवर सरळ उभा राहिला आणि तिचा पदर ओढत बांधापर्यंत गेला. डॉक्टरांनी पुन्हा बघून मान डोलावली.

त्याला काकूच्या घरी नेलं तेव्हा गाडी घेतली नाही. तो आपल्या पायांनी चालत गेला. वाटेत पोरं ओरडली, "घोडा आला बे."

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दशरथची उंची, दर वर्षाची. काकूने सायबला चौकटीला टेकवून उभं केलं आणि डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली.

"बालवाडीत हाय आजून," ती म्हणाली. "दमानं वाढू दे."

सगळ्यात वरची रेघ दशरथ भरतीला गेला त्या दिवशीची आहे. काकूने पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि सायबची वाटी भरायला आत गेली. स्केलप्रमाणे.