काढता येणारी पेटी

काही लोकांच्या घरी लग्नपत्रिका साचतात, काहींच्या घरी औषधाच्या रिकाम्या बाटल्या. माझ्याकडे फजित्या साचल्या, आणि त्याही एकाच विषयाच्या: मोटारसायकलवर सामान कशात न्यावं! कोणी विषय काढला तर पहिले दोन किस्से मी हसत हसत सांगतो. पुढचा सांगताना आवाज जरा खाली येतो. शेवटचा आजवर कोणालाच सांगितला नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा काळ. भंडाऱ्यात आम्ही चौघं मित्र, चौघांच्या चार गाड्या. मी पाटबंधारे खात्यात क्लार्क, माझ्याकडे सेकंडहँड बुलेट. हटवार जनावरांचा डॉक्टर. काटेखायेच्या वडिलांची धानाची गिरणी, म्हणून त्याची गाडी नेहमी चकाचक. आणि मेश्राम हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. आमच्यात सगळ्यांत कमी बोलणारा आणि सगळ्यांत चांगली गाडी चालवणारा. सुटी मिळाली की आम्ही निघालोच. नवेगाव, रामटेक, कुठंही.

सामानाचा जिम्मा माझ्याकडे. कारण काय, तर एका इंग्रजी मासिकात मी लांबच्या प्रवासाच्या गाड्यांचे फोटो पाहिले होते. तेवढ्यावर मी एक्सपर्ट!

* * *

लग्नानंतरची पहिली दिवाळी. बायको आधीच माहेरी, दिघोरीला गेलेली. मी नवा जावई, ऐटीत बुलेटवर निघालो. पत्र्याची ट्रंक मागच्या सीटवर आडवी टाकली आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून अशी आवळली की रस्त्यात तिनं हूं की चूं करू नये. नाहीच केलं. थेट दिघोरीपर्यंत जागची हलली नाही.

ओवाळणं झालं, सासूबाईंनी आंघोळीचं पाणी काढलं, मी ट्रंक सोडायला गेलो. रबराच्या गाठी आत रुतून बसल्या होत्या. नखं तुटली. दातही लावून पाहिले. पट्टे झाकणावरूनच गेलेले, त्यामुळे ट्रंक उघडताही येईना. आणि आत माझे सगळे कपडे!

चाकू मागायची लाज वाटत होती. सासरे आत्ताच सगळ्या गल्लीला सांगत होते, "आमचे जावईबापू लय हुशार, मोठ्या हापिसात हायेत!"

अर्ध्या तासात अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. कोणी बसायला खाट आणली. शेवटी सासरे शांतपणे म्हणाले, "पेटी उतरत नाही ना? मंग गाडीच आत घ्या!"

सहा जणांनी बुलेट उचलून ओसरीत आणली. मी सासऱ्यांचं धोतर नेसून तिच्या शेजारी बसलो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिला नमस्कार करायचा, मग मला.

दुपारी सासूबाई विळा घेऊन आल्या आणि दोन झटक्यांत पट्टे कापून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "विळा मागतला असता तं काय झालं असतं, जावईबापू?"

काही झालं नसतं! त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे सामान असं घ्यायचं की जे गाडीवरून काढता येईल.

* * *

मग नागपूरच्या जुन्या बाजारातून मी कॅनव्हासच्या जोडपिशव्या आणल्या. मिलिटरीतल्या होत्या म्हणे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबायच्या, आकड्यातून काढल्या की खांद्यावर. मी बेहद्द खूश.

त्याच आठवड्यात हटवारला मुलगी पाहायला नाकाडोंगरीला जायचं होतं. हा पठ्ठ्या सकाळी एका म्हशीचं बाळंतपण करून तसाच आला. अंगावरच्या पँटीकडे पाहवत नव्हतं. "नवी पँट पिशवीत टाक, गावाजवळ बदल," मी म्हटलं. टाकली. मागे बसला.

तुमसर गेल्यावर तो मागून म्हणाला, "काहीतरी जळून राहिलं बे."

"खाणीच्या ट्रकांचा धूर असंल," मी म्हटलं.

धूर ट्रकांचा नव्हता. उजवीकडची पिशवी सायलेन्सरला टेकली होती! गावाबाहेर झाडाखाली पँट उघडली, तर बसायच्या जागी भाकरीएवढं भोक. ती घालावी की म्हशीवाली? खूप विचार करून भोकवाली घातली. मी सल्ला दिला, "तू फक्त उठू नको."

दोन तास तो उठला नाही. मुलीचे वडील म्हणाले, "चला, वावर पाहून येऊ." हा म्हणे, "बसतो जी." हात धुवायला बोलावलं, "इथंच द्या जी." गावचे ऐंशी वर्षांचे पाटील आले, सगळी बैठक उभी राहिली, हा बसूनच हात जोडतोय! निघताना दारापर्यंत पाठमोरा न होता, उलटा चालत गेला.

लग्न त्याच मुलीशी झालं. वहिनी आजही सगळ्यांना सांगतात, "मले वाटलं, याइच्या पायात काही कमी हाये. तरी हो म्हनलं!"

सगळे हसतात. हटवार मात्र माझ्याकडे पाहतो.

* * *

तिसरी वस्तू मी स्वतः डिझाइन केली. ताडपत्रीची चौकोनी पिशवी, खाली लाकडी फळी, फळीला लोखंडी खटका. खटका ओढला की पिशवी एका क्षणात कॅरिअरवरून हातात!

चौघं साकोलीकडे निघालो होतो. लाखनीला हायवेवरच्या हॉटेलात चहाला थांबलो. तिथल्या ट्रक ड्रायव्हरांनी विचारलं, हे काय? मग काय! मी तीन वेळा काढून दाखवली, तीन वेळा लावून दाखवली. "वाह बाबूजी!" एक जण म्हणाला. मी छाती काढून चहा प्यायला बसलो.

कप खाली ठेवून पाहतो, तर पिशवी गायब.

गाडीजवळ एक माणूस उकिडवा बसला होता. मजूर असावा. पायाशी तोंड बांधलेली चुंगडी. मी तिकडे धावलो.

"काय आहे त्या पोत्यात?"

"घरचं सामान हाये जी."

"उघड."

"काहून जी?"

"उघड म्हटलं ना!" माझा आवाज एवढा चढला की रस्त्यापलीकडचे लोक थांबले.

त्यानं चुंगडी सोडली. एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवली. थोडे तांदूळ, फडक्यात बांधलेले. एक जुनं लुगडं. दवाखान्यातली लाल औषधाची बाटली. आणि एक छोटा गुलाबी फ्रॉक. दुकानाची चिठ्ठी अजून त्याला टाचलेली होती.

तेवढ्यात हॉटेलाच्या मागून काटेखाये आला. हातात माझी पिशवी. "एका खटक्यात निघते ना बे!" म्हणून तो पोट धरून हसू लागला. ड्रायव्हर हसले. हॉटेलवाला हसला. मीही हसलो. काय करणार होतो?

मेश्राम हसला नाही. तो खाली बसला, फ्रॉक उचलून त्याची धूळ झटकली, नीट घडी केली आणि त्या माणसाच्या हातात दिली. त्या माणसानं सगळं परत भरलं. तोंड बांधायच्या आधी चुंगडी माझ्यापुढे धरली.

"साहेब, एकडाव हात घालून पाहून घ्या. मांगून म्हनसान, तळाले राहिलं."

"जा, जा," मी म्हटलं. माफ कर, एवढे दोन शब्द होते. तेही तोंडातून निघाले नाहीत.

मेश्रामनं त्याला आपल्या गाडीवर बसवून गावी सोडलं. आम्हाला त्याच्यासाठी पाऊण तास थांबावं लागलं. आणि सांगायला लाज वाटते, त्या पाऊण तासाबद्दल मी कुरकुर केली!

* * *

पिशवीचा नाद सुटला. आता पेट्या. मासिकातला फोटो घेऊन मी गुलाबराव कासारांकडे गेलो. भंडाऱ्यात पितळेचं काम करणाऱ्यांत त्यांचा हात मोठा. "चौकोनी हव्यात, झाकणवाल्या, जोडी," मी बजावून सांगितलं. पंधरा दिवसांनी गेलो, तर समोर दोन गोल, झळाळत्या पितळी बरण्या!

"गुलाबराव, चौकोनी सांगितलं होतं!"

"जनम गेला घागरी घडवण्यात, साहेब. हात आपोआप गोल फिरते. कोपरा मारूच देत नाही."

त्या लावून मी आमच्या साहेबांना कालव्याच्या तपासणीला नेलं. साहेब मागे, दोन्हीकडे बरण्या. पहिल्याच गावात एक बाई दुधाचा गंज घेऊन धावत आली. "दूधवाले भाऊ, थांबा थांबा! गाईचं हाये का म्हशीचं?"

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मागून साहेबांचा आवाज आला, "म्हशीचं. पण आज संपलं."

* * *

शेवटी पत्र्याच्या चौकोनी पेट्या झाल्या, आणि गुलाबरावांनी त्यांना पितळी खटके लावून दिले. डावीकडे एक, उजवीकडे एक. खटका वर केला की पेटी मुठीला धरून सरळ घरात. इतक्या खटपटीत पहिल्यांदा माझी निवड बरोबर निघाली! दिवाळीच्या सुटीत पचमढीला जायचं ठरलं. चौघांचं खाण्यापिण्याचं सामान माझ्या गाडीवर.

आईनं फराळ केला. उजव्या पेटीत चिवडा, अनारसे, शंकरपाळे, स्टीलची तीन ताटं, तीन पेले. डाव्या पेटीत मी पाने, दोरी, पंक्चरचं सामान भरलं. मग आई पडवीतल्या फळीवरून एक ताट आणि एक पेला घेऊन आली.

ते ताट मी ओळखत होतो. मेश्रामच्या घरचे छप्पन साली बौद्ध झालेले. तो आमच्याकडे जेवायला यायचा. आई त्याला आग्रह करकरून वाढायची, त्याच्या आईची चौकशी करायची. पण त्याचं ताट वेगळं, आणि ते पडवीतच राहायचं. आठ वर्षं मी हे पाहत होतो.

"हे डावीकडं ठेव," आई म्हणाली.

मी ठेवलं. पान्यांच्या शेजारी.

नाकाडोंगरीच्या पुढे जंगलात मोहाच्या झाडाखाली थांबलो. उजवी पेटी काढली, तीन ताटं मांडली. मग डावी उघडली. मेश्रामच्या ताटाच्या काठाला ग्रीस लागलं होतं.

"माह्यं ताट काहून तिकडं?" त्यानं विचारलं.

"बॅलन्ससाठी," मी म्हटलं. "दोन्हीकडचं वजन सारखं पाहिजे ना."

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मी बॅलन्स समजावत होतो!

त्यानं ताट हातावर तोललं. "बरोबर हाये," म्हणाला, आणि पळसाच्या पानानं ग्रीस पुसू लागला. हटवार मान खाली घालून चिवडा खात राहिला. काटेखाये एरवी कशावरही बोलायचा; तो उठून आपल्या गाडीच्या टायरमधली हवा पाहायला गेला.

पाच दिवस असंच चाललं. प्रत्येक जेवणाला मेश्राम स्वतः डावी पेटी काढायचा, ताट घ्यायचा, जेवून झऱ्यावर धुवायचा, कोरडं करून परत ठेवायचा. घाटात माझी क्लचची केबल तुटली, ती त्यानंच त्याच पेटीतले पाने काढून बसवली. "ठेव रे ते ताट इकडेच, आमच्यात," एवढं एकच वाक्य मला म्हणायचं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या जेवणाला म्हणू. मग पुढचं जेवण यायचं.

परतताना भंडाऱ्याच्या नाक्यावर थांबलो. हटवार आणि काटेखाये हात हलवून आपापल्या रस्त्यानं गेले. मेश्रामनं गाडी स्टँडला लावली, माझ्याजवळ आला, खटका वर करून डावी पेटी उतरवली. पाने, दोरी, पंक्चरचं सामान फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. ताट आणि पेला आतच ठेवले, आणि पेटी आपल्या कॅरिअरवर बांधली.

"अरे, हे काय?"

"पेटी चांगली जमली, भास्कर. एका हातानं निघते." त्यानं किक मारली. "आईले सांगजो, ताट धुतलेलं हाये."

घर तिथून दोन मैल. मी फडकं उजव्या पेटीत कोंबलं आणि निघालो. बुलेट सारखी उजवीकडे ओढत होती. हँडल डावीकडे दाबून दाबून हाताला कळ लागली.

आई दारातच उभी होती. गाडीकडे पाहून म्हणाली, "अन् डावी पेटी कुठं गेली?"

"पडली वाटेत."

"अगं माय! एवढी मोठी पेटी, पडताना आवाज नाही आला तुले?"

"नाही," मी म्हटलं.