बंगई गेली नाटकाले

आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणजे आंबे, कुलर आणि एक नाटक. आंबे नातवंडं संपवतात, कुलरसमोरची जागा आमचा बुढा धरतो, आणि नाटक माझ्या वाट्याचं. बुढा म्हणजे माझा नवरा, तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. आर्णीत नाटक क्वचित येतं, त्यासाठी यवतमाळला जावं लागतं. पाच नातवंडं आणि वर मी, एवढी फौज न्यायची म्हणजे आधी पैशाचा विचार करावा लागतो, नाटकाचा नंतर.

त्यात माझा हात चांगला बसलेला आहे. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हाताऱ्याला अर्धं, लहान पोट्ट्यांना अर्धं. आमच्या घरात शोधून पूर्ण माणूस सापडत नाही. एकदा कंडक्टरनं विचारलं, "आजी, एवढे सारे मिळून माणसं किती झाले तुम्ही?" निघायच्या आधी मी सगळ्यांना दहीभात दाबून खाऊ घालते. पोट भरलं की मध्यंतर लहान वाटतं. माठातलं पाणी बाटलीत भरून ओल्या फडक्यात गुंडाळलं की तेही विकत घ्यायला नको. आणि तिकीट काढायचं ते शेवटच्या रांगेचं. पोट्ट्यांना मी सांगून ठेवलं होतं, पुढं बसणाऱ्याला नटाच्या तोंडावरचा रंग दिसतो, मागं बसणाऱ्याला नाटक दिसतं. लहान होते तोवर त्यांनी ऐकलं. मग पुण्याची मोठी नात एके दिवशी म्हणाली, "आजी, मागे बसलं की नाटक नाही दिसत, पंखा दिसतो."

आणि पोरगी खोटं नव्हती बोलत. म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी बोलून बसले की यंदा पुढच्या रांगेत बसवीन. बोलताना बरं वाटलं. नंतर पुढच्या रांगेचा भाव कळला आणि माझं तोंड गप झालं. बुढ्याकडे मागायची सोय नव्हती. त्याचं नाटकाबद्दलचं मत ठरलेलं. "नाटकात काय असते? दोघं जन भांडतात. ते त मी घरी फुकट पायतो."

अशा अडचणीत मी असताना आमच्या गल्लीतले मास्तर आले. शाळेत गणित शिकवतात आणि उरलेल्या वेळात नाटक बसवतात. त्यांचं नाटक यवतमाळला रविवारी होतं. पाणी घेतलं, उन्हाला नावं ठेवली, आणि त्यांची नजर आमच्या बंगईवर गेली.

बंगई म्हणजे घरातला झोपाळा. आमची सागवानी आहे, सासऱ्यांनी करून घेतलेली, छताच्या मयालाला, म्हणजे लाकडी तुळईला, चार पितळी साखळ्यांवर टांगलेली. दुपारी जेवण झालं की बुढा तिच्यावर आडवा होतो आणि पायाच्या अंगठ्यानं भिंतीला रेटा देतो. दोन रेट्यांत झोप. तो नसला तरी तिच्यावर कोणी बसलेलं त्याला चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा बसले होते. तो नुसता समोर उभा राहिला. मीच उठले.

मास्तर म्हणाले, "काकू, आमच्या नाटकात एक नवराबायको हाये. बारा वर्सं एकमेकांसंग बोलले नाई. घरात एकच बंगई, तिच्या दोन टोकायले दोघं बसतात अन् मधात सारी जागा मोकळी. मले अशीच बंगई पायजे. बाजारातली आनली तर नवी दिसते."

"आन् टांगसान कुठं? स्टेजवर मयाल नाई राहत."

"लोखंडी चौकट बनवली न वेल्डिंगवाल्याकडून."

मी म्हटलं, बंगई घरच्यांची आहे, ते देणार नाहीत. मास्तर म्हणाले, "पुढच्या रांगेचे पास देतो. पोट्ट्यायचे बी, तुमचा बी."

आता योग पाहा. बुढा दुसऱ्या दिवशी मारेगावला निघाला होता, बहिणीकडे लग्न होतं, सोमवारी परतणार. नाटक रविवारी. शनिवारी बंगई जाईल, सोमवारी सकाळी तो यायच्या आत आपल्या जागी टांगलेली असेल. मी मनातल्या मनात हे तीनदा फिरवून पाहिलं, कुठंच अडत नव्हतं. मी मास्तरांना एवढंच सांगितलं, "तिले ओरखडा जरी आला न मास्तर, तर या घरात मले जागा नाई. मंग मी तुमच्याच घरी येऊन राहीन." मास्तरांच्या तोंडावरून दिसलं की त्यांनी हे मनावर घेतलं.

शनिवारी सकाळी मास्तरांचा टेम्पो आला. पोट्ट्यांनी साखळ्या काढल्या. सैपाकघराकडच्या दोन साखळ्यांच्या वरच्या कड्या तारेनं आवळून बांधलेल्या होत्या. मोठी नात म्हणाली, "आजी, ही तार कसली?"

"आबाजीचं काहीतरी हाये ते. हात नको लावू."

बंगई गेली. घर एकदम मोठं झालं. नुसते हुक लोंबत होते. मी पोट्ट्यांना दम दिला की बंगईचं नाव काढायचं नाही.

संध्याकाळी दारात बुढा उभा. हातात पिशवी, डोक्याला दुपट्टा, तोंड उतरलेलं. म्हणाला, "तिथं झोपच नाई लागे. पाहुन्यायची गर्दी, खाली गादी अन् गादीत ढेकून. लग्न लागलं अन् मी निंगालो." चपला काढून तो सरळ नेहमीच्या जागी गेला आणि मागं न पाहता बसायला लागला. थोरल्या नातवानं हात धरला म्हणून बरं, नाहीतर तो लग्नाहून येऊन दवाखान्यात गेला असता.

"बंगई कुठं हाये?"

मी म्हटलं, "कडी झिजली होती. लोहाराकडे गेली."

"कडी झिजली त फळी काहून गेली?"

"त्याले माप पायजे होतं."

"फळीचं?"

"कडीचं. पन फळीवरून घेते म्हने तो."

त्यानं वर नुसत्या हुकांकडे पाहिलं. मग कुलर आपल्याकडे वळवला आणि सतरंजीवर पडला. रात्रभर कुशी बदलत होता. सकाळी उठून म्हणाला, "घरी झोप त लागत नाई. मी बी येतो तुमच्या नाटकाले."

मी म्हटलं, "तुमाले नाटक कायले आवडते?"

"पास फुकट हाये म्हने. पोट्टे सांगून राह्यले होते."

त्यांना बंगईबद्दल गप राहायला सांगितलं होतं, पासाबद्दल सांगायचं राहून गेलं होतं. पास तर होते तेवढेच. पण धाकटी नात माझ्या मांडीवर बसायला एका पायावर तयार झाली. माझ्याजवळ नाही म्हणायला कारण उरलं नाही.

एसटीत मी वाटेभर एकच विचार करत होते, याला मागच्या रांगेत कसं बसवायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला शेवटच्या रांगेची किंमत कळली. सभागृहात गेल्यावर म्हटलंसुद्धा, "अहो, पुढं मान दुखते. मागं पंखा हाये."

मोठी नात लगेच, "आजी, तूच म्हणालीस ना, यंदा पुढे."

बसलो पुढं. इतकं पुढं की नटाच्या तोंडावरचा रंग खरंच दिसणार होता. घंटा झाली, अंधार झाला, पडदा सरकला. मधोमध आमची बंगई. दिव्याच्या उजेडात साखळ्या अशा चमकत होत्या, की मला एका बाजूनं अभिमान वाटला आणि दुसऱ्या बाजूनं वाटलं, आत्ताच लाईट जावी.

मी बुढ्याकडे पाहिलं नाही. पण त्याचं हलणं थांबलं, ते मला कळलं.

नवरा येऊन एका टोकाला बसला. बंगई कुरकुरली. बुढ्यानं माझ्या कानाशी अगदी हळू विचारलं, "हा लोहार होय?"

मी म्हटलं, "गप बसा, नाटक सुरू हाये."

मग बायको आली. तोंड फिरवून दुसऱ्या टोकाला बसली. बारा वर्षांचा अबोला, सारं सभागृह चिडीचूप. आणि बाई हळूहळू नवऱ्याकडे घसरायला लागली. तिनं साखळी पकडली, सावरली, पुन्हा टोकाला गेली, पुन्हा घसरली. बिचारी भारी नटी होती. तोंडावर अबोला तसाच, आणि खालून सरकत सरकत थेट नवऱ्याच्या मांडीला टेकली. मागून कोणीतरी खुसकन हसलं. मग पूर्ण सभागृह. एक जण ओरडला, "जमलं न बावा या दोघायचं!"

पडद्याआडून मास्तर डोकावले. कपाळाला हात. मला तर वाटलं आता बाई पडते, फळी आपटते, आणि मी पिशवी उचलून मास्तरांच्या घरी राहायला जाते.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, चांगला मोठा, वावरातून हाक मारावी तसा. "अबे, तार सोडा तिची. तार."

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, हाही नाटकातलाच.

मध्यंतर झालं आणि शेजारची खुर्ची रिकामी. पोट्टे म्हणाले, आबाजी बाहेर गेले. बाहेर आलूबोंड्याच्या गाडीवर पाहिलं, नव्हता. माझ्या मनात आलं, हा माणूस बंगई उचलून घरी घेऊन चालला असेल. हे त्याला न शोभण्यासारखं मुळीच नव्हतं. दुसऱ्या अंकात नवराबायको काय जमिनीवर बसतील?

पडदा उघडला. बंगई जागेवर, आणि फळी अशी सरळ की पाण्याचा पेला ठेवावा. बायको आपल्या टोकाला बसली, नवरा आपल्या. मधली जागा रिकामी राहिली. आता कोणी हसेना. शेवटी ती बाई नवऱ्याकडे न पाहता नुसता हात फळीवर मधात ठेवते, तेव्हा माझ्या मांडीवरची नातसुद्धा हलेना. आणि मला बाजूच्या पडद्याआड एका लोखंडी खुर्चीवर आमचा बुढा दिसत होता, हातात पक्कड, डोळे साखळीवर.

नाटक संपल्यावर मास्तर त्याला घेऊन आले. "काका नसते न काकू, तर आज कार्यक्रम आटपला होता."

बुढा म्हणाला, "आमच्या घरचं मयाल सैपाकघराकडे दबलेलं हाये. तिकडचा हुक खाली. म्हनून तिकडच्या साखळ्या मी तारेनं आखूड केल्त्या. तुमची चौकट सरळ. मंग ते घसरनारच न. कोनी इचारलंच नाई मले." हे शेवटचं तो मास्तरांकडे पाहून बोलला, पण ते कोणाला होतं हे मला कळलं. मग माझ्याकडे वळला. "लोहार बराच शिकलेला दिसते तुहा."

मी पदरानं तोंड पुसलं.

मी बोलणी खाण्याच्या तयारीत होते. आणि मास्तरांनी हात जोडून दुसरीच गोष्ट काढली. पुढच्या आठवड्यात उमरखेडला प्रयोग आहे, बंगई अजून थोडे दिवस मिळेल का. मला वाटलं, आता भडका. बुढ्यानं फळीवरून हात फिरवला, कुठं ओरखडा नाही हे नीट पाहून घेतलं.

"बंगई एकटी नाई जाईन," तो म्हणाला. "बंगई गेली त मी जाईन."

"चाला न काका, टेम्पोत जागा हाये."

"मी आलो त माह्या जेवनाचं कोन पाहीन? ही येईन."

"काकूले बी घेऊ."

"ही आली त हे पोट्टे घरी कोनाजवळ राह्यतीन?"

मास्तर गणिताचे. त्यांना बेरीज लगेच समजली. तसे आम्ही सगळे उमरखेडला गेलो, टेम्पोत, बंगईसोबत, पास फुकट, गाडी फुकट, अर्ध्या तिकिटाचाही प्रश्न नाही. तिथून परतताना ढाणकीला अजून एक प्रयोग ठरला, तिथंही गेलो. माझ्या सगळ्या जन्माच्या काटकसरीवर त्या बुढ्यानं एका दमात मात केली. इतकं फुकट मला कधी सुचलं नव्हतं. पोट्ट्यांना नाटक पाठ झालं. घरी धाकटे दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसून अबोला खेळायचे. आणि प्रत्येक मध्यंतराला बुढा पक्कड खिशात ठेवून साऱ्या नाटकवाल्यांना स्वतःच्या पैशानं आलूबोंडे खाऊ घालायचा. वाचवलेलं सारं तिथं तळून निघालं. ते मी मोजलं नाही.

सुट्ट्या संपल्या, पोट्टे गेले, बंगई घरी येऊन टांगली गेली. पण साखळ्या आता सारख्या आहेत आणि मयाल आहे तसंच दबलेलं. म्हणजे फळी सैपाकघराकडे उतरते. बुढा डोकं खाली, पाय वर असा झोपतो. मी म्हटलं, "तार बांधा न परत."

"कायले? दिवाळीनंतर मास्तरचा प्रयोग हाये. परत सोडा, परत बांधा, कोन करीन?"

संध्याकाळी तो चहा घेऊन तिच्यावर बसतो, सैपाकघराच्या टोकाला. एके दिवशी मी माझा कप घेऊन दुसऱ्या टोकाला बसले. तो समोर उभा राहिला नाही. कारण तो बसलेलाच होता. मी घट्ट साखळी धरली, पण एका हातात चहा, दुसऱ्यानं किती धरणार. सरकत सरकत त्याच्या मांडीला टेकले.

त्यानं आपला कप थोडा बाजूला धरला, सांडू नये म्हणून. आणि पायाच्या अंगठ्यानं भिंतीला एक रेटा दिला.