त्यांनी मागवलेली बोट

बोट आली तेव्हा ते घरात नव्हते. गणपतीच्या आधीच घर सोडून नांदेडला गेले होते, दुसऱ्या एका बाईकडे. हे त्यांनीच मला सांगितलं, सकाळी चहा पिताना. सांगून झाल्यावर उरलेला चहा पिऊन कप मोरीत ठेवला आणि निघाले. महागावात त्यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. ते त्यांनी उन्हाळ्यातच दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. तेव्हाच तुझ्या लक्षात यायला हवं होतं, असं पुढे मला बरेच जण म्हणाले. असेलही.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा दोघीच उरलो. मी शाळेत शिकवते. त्या दिवसांत मी शाळेत जात होते, शिकवत होते, वह्या तपासत होते. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. दाताला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. शाळेतल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या आणि मला वाटायचं, या कुणाविषयी बोलताहेत.

एक दिवस दुपारी मालाचा ऑटो दारात थांबला आणि दोघा माणसांनी एक लांबलचक पुडकं उतरवून पोर्चमध्ये आडवं टाकलं. त्यावर त्यांचं नाव होतं.

"हे काय वं?" सासूबाईंनी विचारलं.

"बोट आहे, आई. मासे धरायची."

"कोनी बलावली?"

"त्यांनी."

सासूबाईंनी पुडक्याला पायाने हलकेच ढकलून पाहिलं आणि आत निघून गेल्या. मुलाचं नाव त्यांनी तो गेल्यापासून घेतलं नव्हतं. त्याच्याविषयी बोलायची वेळ आली की नुसतं दाराकडे बघायच्या.

कयाकचं, म्हणजे अशा बोटीचं, वेड माझ्या नवऱ्याला वर्षभरापासून होतं. रात्री जेवण झालं की मोबाइलवर व्हिडिओ लावायचे. कुठल्यातरी परदेशी तळ्यात एक माणूस अरुंद प्लास्टिकच्या बोटीत एकटा बसून वल्हं मारतो, गळ टाकतो, मोठाले मासे काढतो. आमच्याकडे गळाने मासे धरणारे काठावर बसतात. ते स्वतःही लहानपणी आजोळी, ढाणकीकडे, पैनगंगेच्या काठावर बसलेले. आता त्यांना काठ पुरत नव्हता.

पुडक्यामागोमाग लहान खोकी यायला लागली. पाण्याखालचे मासे दाखवणारं फिश फाइंडर नावाचं यंत्र, त्याची बॅटरी, गळाच्या काठ्या अडकवायचे स्टँड, ते बसवायच्या पट्ट्या, नांगराची दोरी फिरवायच्या कप्प्या, कॅमेऱ्याचा दांडा, रात्रीसाठी दिवे. रोज शाळेतून यावं तर दारात एक नवं खोकं. परत पाठवायचं म्हणून मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने पुन्हा पॅक कसं करायचं, फोटो कसे काढायचे, हे सगळं समजावून सांगितलं. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढंसुद्धा करायचं त्राण नव्हतं.

पण पुडकं दारात होतं. स्कूटी आत घेता येत नव्हती आणि दूधवाला रोज ओलांडून यायचा. शेवटी एका रविवारी मी सुरी घेऊन ते फाडायला बसले. बोट हवी म्हणून नव्हे. दारातली अडचण होती म्हणून.

आतून शेवाळी रंगाची कयाक निघाली, माझ्या दीडपट लांब. सासूबाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि थबकल्या.

"अवं, इच्यात भोकं हायेत!"

खरंच होती. बसायच्या जागेजवळ आरपार गोल भोकं. हात घातला तर खालची फरशी लागली.

"नवी बोट अन् भोकं? फसवलं त्याले," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती की समाधान, ते मला कळलं नाही.

मी मोबाइलवर शोधलं. भोकं मुद्दामच ठेवलेली असतात. बोट आतून पोकळ आणि बंद, म्हणून बुडत नाही. वर उडालेलं पाणी त्या भोकांतून खाली निघून जातं. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा भोकातून फरशी पाहिली.

"तू सांगतं म्हनून मानतो," त्या म्हणाल्या.

मग मी ते व्हिडिओ बघायला लागले. बोट कशी तयार करायची हे सांगणारा एक माणूस सगळं काही लावत होता. ड्रिलने भोकं पाडून पट्ट्या, पट्ट्यांवर स्टँड, स्टँडवर यंत्र, यंत्राची वायर आतून फिरवून बॅटरीपर्यंत. सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्याले मासा धराचा हाये का बोटीचं लगन लावाचं हाये?"

मला हसू आलं नाही, पण ऐकू आलं. त्या दिवसांत कुणाचं बोलणं मला नीट ऐकूसुद्धा येत नसे.

"मग काय करू?" मी विचारलं.

"पान्यात टाक पह्यले. जे नडलं ते लाव."

म्हणून आम्ही खुर्ची तेवढी बसवली. तिचे चार पट्टे चार कड्यांत अडकवून ओढायचे, एवढंच काम. वल्हं दोन तुकड्यांत होतं. बटण दाबून जोडलं की टक्क आवाज येतो. पाय टेकवायच्या पट्ट्या पुढे-मागे सरकतात. मी बसून माझ्या पायांच्या मापाने सरकवल्या. वल्हं हातातून सुटलं तर वाहून जाऊ नये म्हणून ते दोरीने बोटीला बांधलं. बाकीची खोकी कपाटावर रचून ठेवली.

मी पुन्हा बोटीत बसून पाहत होते तेव्हा फोन वाजला. ते घर सोडून गेल्यानंतर त्यांचा पहिला फोन.

"बोट आली का?" त्यांनी विचारलं.

"आली."

"उघडू नको."

"उघडली."

मग म्हणाले, "ड्रिल मारलं का कुठं?"

"नाही."

"मारू नको. फिश फाइंडर उजव्या बाजूला येते. बॅटरी मांग ठेवाची, वजन बरोबर बसते. नांगराची दोरी..." ते बोलत राहिले. इतकं सलग ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नसतील. आवाज अगदी आनंदी होता. मी पोर्चमध्ये, फरशीवर ठेवलेल्या बोटीत, कानाला फोन लावून बसले होते आणि समोर सासूबाई शेंगांची टोपली मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. काही वाटतंय का, हे मी स्वतःला चाचपून पाहिलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढंच.

"येतो मी न्याले, दिवाळीत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हने?" सासूबाईंनी विचारलं.

"यंत्र उजवीकडे लाव म्हणे."

"माह्यं इचारलं का?"

"हो. तब्येत कशी आहे म्हणाले."

"खोटं नको बोलू वं," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही बोट मालाच्या ऑटोत घालून फुलसावंगीच्या अलीकडच्या तलावावर नेली. तलावात मासे सोडणाऱ्या संस्थेच्या माणसाला मी आधीच विचारून ठेवलं होतं. जाळं नाही ना, मग खुशाल गळ टाका मॅडम, तो म्हणाला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि त्याने काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बोट हाये. आमची हाये."

मला पोहता येतं. लहानपणी मामाच्या विहिरीत शिकले होते. तरी बोटीबरोबर आलेलं जीवरक्षक जाकीट घातलं. सासूबाईंनी बोटीच्या मागच्या कड्याला लांब दोर बांधला आणि टोक स्वतःच्या हाताला गुंडाळून काठावर बसल्या. मी बसले तशी बोट डुगडुगली. भोकांतून थोडं पाणी वर आलं, साडी नको म्हणून घातलेली सलवार भिजली, आणि मग पाणी जिथल्या तिथे थांबलं. मी दोन-चार वल्ही मारली. बोट सरळ गेली आणि खस्सकन थांबली. दोर संपला होता.

"आई, सोडा ना!"

"नाई सोडत. वासरू पह्यल्या दिवशी बांधूनच चारते."

तासभर मी त्या दोराच्या टप्प्यात गोल गोल फिरले.

त्यानंतर आम्ही दर रविवारी जायला लागलो. दोर सुटला. काय नडतं ते हळूहळू कळत गेलं, आणि ते फार नव्हतं. वारा बोट ढकलायचा, म्हणून एका विटेला नायलॉनची सुतळी बांधून नांगर केला. घरातली जुनी गळाची काठी मांडीखाली धरून पाय आखडायचा. मग पाहिलं तर खुर्चीच्या मागे काठी खोचायला बोटीतच जागा केलेली होती. इतके दिवस मी तिकडे वळून पाहिलंच नव्हतं. माशांसाठी पेंटची बादली घेतली. त्यापलीकडे कपाटावरचं काही काढायची वेळ आली नाही.

सुरुवातीला गळाला काही लागलं नाही. कणकेचा गोळा मासे हळूच खाऊन जायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी तिथे मासे धरायला जात होते असंही नाही. तिथे माझ्याशी कुणी हळू आवाजात बोलत नव्हतं. मग एकदा गांडूळ लावल्यावर काठी वाकली आणि एक रोहू वर आला, फार मोठा नव्हता. आनंद झाला असं म्हणणार नाही. मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिले. काठावरून सासूबाई ओरडत होत्या, "ढिला सोड! ओढू नको, ढिला सोड!" त्या दिवशी त्यांनी झणझणीत रस्सा केला. ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्ही काटे वेचत वेचत खाल्ला. मला चव लागली. बऱ्याच दिवसांनी लागली, एवढं मात्र लक्षात आलं.

दिवाळीच्या सुट्टीत ते आले. बरोबर एक पिकअप गाडी आणली होती. केस नुकतेच काळे केलेले. पोर्चमध्ये खुर्चीवर पाहुण्यासारखे बसले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी आईच्या पाया पडायला हात पुढे केला, तोवर त्या आत वळल्या होत्या.

ते उठून बोटीभोवती फिरले.

"काहीच नाही लावलं?" त्यांनी मला विचारलं.

"लागलं नाही."

"असं कसं? फाइंडरशिवाय मासे कुठं हायेत ते कसं समजते?"

"नाही समजत," मी म्हटलं.

सासूबाई आतून एकेक खोकं आणून त्यांच्या पायाशी ठेवायला लागल्या. शेवटचं ठेवून झाल्यावर म्हणाल्या, "हे घे. बोट राहू दे."

"आई, बोट माझी हाये."

"हाव. तुह्यीच हाये." त्या शांतपणे म्हणाल्या. "माय बी तुह्यीच हाये. दोन्ही ने."

बाहेर पिकअपवाल्याने गाडीतली गाणी बंद केली, ते ऐकू आलं. सासूबाई त्यांच्याकडे सरळ बघत उभ्या होत्या. त्या नुसतं बोलायला बोलल्या नव्हत्या. मुलाने खरंच हो म्हटलं असतं, तर त्या पिशवी भरायला आत गेल्या असत्या, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्यांनी खाली पाहिलं. मग वाकून खोकी उचलली, दोन खेपांत गाडीत नेऊन ठेवली. माझ्याकडे बघून "येतो" म्हणाले. मी मान हलवली. गाडी गेली.

सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पदराने उगाच गुडघा पुसत होत्या. मी शेजारी बसले. समोरच्या घरात पोरं फटाके उडवत होती. प्रत्येक आवाजाला सासूबाईंचे खांदे उडायचे आणि पुन्हा खाली यायचे.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तू जाशीन का आता माहेरी?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसती मान हलवली, मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"मंग भाजी कोनती टाकू?"

मी आठवायला लागले. घरात काय आहे, मला काय आवडतं, काहीच आठवेना. त्या दारात उभ्या राहून वाट बघत होत्या.

"वांगी टाका," मी म्हटलं.