कुर्दांच्या गावची सभा, कळव्यात

माणसं गोल करून बसली आणि प्रत्येकाला बोलू दिलं, की जगातला कुठलाही तंटा मिटतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझ्या ताईचा सासरा निघाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी लागल्यावर मी दोन वर्षं ताईकडे कळव्याला राहिलो, तेव्हा त्या घरात संध्याकाळची भाजीसुद्धा हात वर करून ठरायची. वांग्याला बहुमत मिळे आणि ताटात दुधी येई, कारण सासूबाईंना ही पद्धत मान्य नव्हती. सासऱ्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "विरोधी पक्ष हवाच," असं म्हणून ते दुधी संपवत. एकदा आम्ही कल्याणहून लग्न आटपून येताना शीळफाट्याला बस अडकली, तर त्यांनी उभं राहून कुठल्या रस्त्यानं जावं यावर उतारूंची मतं मागायला सुरुवात केली. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "आजोबा, गाडी मी चालवू की तुमची सभा?" यांनी शांतपणे त्यालाही एक मत देऊ केलं.

हे खूळ त्यांनी इराकहून आणलं होतं. मूळचे ते रत्नागिरीकडचे, कामानं फिटर. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षं ते इराकच्या उत्तरेला डोंगरात रस्त्याच्या कामावर होते. छावणीजवळ कुर्द लोकांचं गाव होतं. तिथला पंप दुरुस्त करायला त्यांना बोलावलं, तेव्हा झऱ्याच्या पाण्यावरून दोन घराण्यांत बंदुका निघालेल्या. गावच्या मुखत्यारानं म्हणजे पाटलानं दोन्ही घरांना गालिच्यावर समोरासमोर बसवलं आणि तंटा मिटेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. ही हकीकत आम्ही शंभरदा ऐकली. सुरुवातीला ती बैठक तीन दिवस चालली होती. मी कळवा सोडेपर्यंत ती नऊ दिवसांवर गेली होती. "सरकार लांब होतं आणि चांगलं नव्हतं," ते सांगत, "म्हणून गावानंच गाव सांभाळलं." चाळ त्यांना 'इराकवाले' म्हणायची आणि हसायची.

मी तिथं असतानाच एका मे महिन्यात मात्र ते हसू आटलं. आमची चाळ आणि खाडीकडचा कोळीवाडा यांना पाण्याची एकच लाइन होती. चाळीतल्या कुणीतरी मधे जोड टाकून पाणी आमच्याकडे वळवलं आणि कोळीवाड्याचे नळ कोरडे पडले. सकाळी एक कोळी तरुण पाहायला आला. बाचाबाची झाली आणि आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या मेकॅनिकनं हातातला पाना त्याच्या डोक्यात घातला. तरुणाला बेशुद्ध अवस्थेत ठाण्याला इस्पितळात नेलं. दुपारपर्यंत कोळीवाड्याच्या देवळापाशी पन्नासेक माणसं जमली. इकडे आमच्या गच्चीवर विटा चढल्या. दुकानं बंद. मीही दोन विटा वर नेल्या, हे आज कबूल करतो.

सासऱ्यांनी अंगणात सतरंजी अंथरली आणि चाळीला खाली बोलावलं. "मारणारा आपला आहे. आपण त्यांच्या दारी जायचं. कुर्दांच्यात तसंच..."

"ते कुर्द-बिर्द राहू द्या हो!" कुणीतरी ओरडलं. "हे कळवा आहे. तिकडे गेलात तर उचलून आणावं लागेल तुम्हाला."

मतं घेतली. त्यांच्या बाजूनं एकच हात वर आला, त्यांचा स्वतःचा. ते खाली बसले. त्यांचा इतका पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात जिन्यावरून सासूबाई म्हणाल्या, "पाणी भरतो आम्ही, आणि ठरवणार तुम्ही पुरुष? आम्हाला कुणी विचारलं?" त्या खाली उतरून सरळ चालू लागल्या. त्यांच्यामागे ताई, आणि मग रडून डोळे सुजलेली मेकॅनिकची बायको. बायका निघाल्यावर पुरुषांना थांबणं जड गेलं. मेकॅनिक मान खाली घालून शेवटी आला.

कोळीवाड्यात आम्ही शिरलो तेव्हा देवळापाशी जमलेली माणसं आमच्या मागून चालू लागली. जखमी तरुणाची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. तिनं आत बघून पाणी मागवलं. सासऱ्यांनी तांब्या समोर तसाच राहू दिला, उचलला नाही.

"पी ना," ती म्हणाली. "पानी तुमीच नेलाव, मंग पियाला कसली लाज?"

"आधी आमचं ऐका. मग पितो."

मेकॅनिक पुढं झाला. "मी मारलं," एवढंच त्याला म्हणता आलं. मागून कुणीतरी वल्हं उचललं.

"ठेव खाली!" म्हातारी मागं न बघता कडाडली. मग सासऱ्यांना म्हणाली, "तो जोड कारला काय?"

"ते आपण दोघं मिळून, बसून ठर..."

"आदी कारा, मंग बसा बोलाला!"

सासरे उठले आणि सभा न भरवता, कुणाचं मत न घेता, मेकॅनिकला बरोबर घेऊन त्यांनी भर उन्हात तो जोड काढला. कोळीवाड्याच्या नळाला धार लागली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मग सतरंजी पसरली. तरुण शुद्धीवर आल्याचा निरोप आला तेव्हा शिव्यांचा पहिला भर ओसरत होता. चौकीत जे व्हायचं ते झालंच. पण तो तरुण घरी येईपर्यंत मेकॅनिकच्या बायकोनं रोज इस्पितळात डबा पोचवला. प्रत्येक गल्लीतून एक बाई आणि एक पुरुष अशी पाणी-समिती झाली. भांडणं थांबली नाहीत, पण ती बसून होऊ लागली.

पुढे आखाती युद्धानंतर टीव्हीवर सरकारी फौजेपासून पळत, गाठोडी घेऊन बर्फातून डोंगर चढणारे कुर्द दिसले. सासरे पडद्याला नाक लावून चेहरे शोधत होते. "हा चढ ओळखीचा आहे," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवस घरात कशावरच मतदान झालं नाही.

वर्षभरानं मी भेटायला गेलो, तर ते पेढे वाटत होते. पेपरात बोटभर बातमी होती: त्या डोंगरांत निवडणूक झाली, माणसं पहाटेपासून रांगेत उभी होती. अख्ख्या कळव्यात ती बातमी बहुधा त्यांनी एकट्यानंच वाचली होती. कोळीवाड्यातल्या त्या म्हातारीनं पेढा घेतला आणि सगळं नीट ऐकून विचारलं, "मंग कोन जिकला?"

सासऱ्यांनी चष्मा पुसून कात्रण पुन्हा एकदा वाचलं.

"ते काही छापलेलं नाही," ते म्हणाले. "पण रांग खूप लांब होती."