ठळक अक्षरं

जुन्या कॉम्प्युटरवरच्या मेल्स आज सकाळपासून नव्यावर आणत बसलो होतो. फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, नव्यात ठेवला, मेलचा प्रोग्रॅम उघडला. सगळं आलं होतं. फक्त काय वाचलं होतं आणि काय नाही, ही खूण वाटेत कुठेतरी गळून गेली. प्रत्येक मेल ठळक अक्षरांत, आत्ताच येऊन पडल्यासारखी.

त्यात सुमनच्या पुष्कळ. मी घरी भाषांतरं करायचो आणि मध्येच फोन वाजला की चिडायचो. "काही असलं तर मेल टाक," असं बायकोला मीच बजावलं होतं. मग बँकेतल्या टेबलावरून ती दोन-दोन ओळी पाठवत राहायची. दूध तापवा. गॅसवाला येईल. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. इतक्या मेल्स जपून आणल्या, पण तिचा आवाज त्यांत कुठेच नाही. तो मीच नको म्हटला होता.

सगळ्या एकदम वाचलेल्या करून टाकायचं बटण असतं. त्यावर बोट नेलं आणि थांबलो. मी यातलं काहीच वाचलं नाही, असं या नव्या यंत्राला वाटतंय, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

सर्वांत वरची उघडली.

"यायला उशीर होईल. वाट बघू नका, जेवून घ्या."

उघडताच अक्षरं साधी झाली. मी ती मेल पुन्हा न वाचलेली करून ठेवली. तीन वाजून गेलेत. अजून जेवलेलो नाही.