मामाच्या कॉम्प्युटरला न येणारी गणितं

लातुरात मामाच्या दालमिलमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या सीपीयूवर मामा रोज सकाळी भस्माच्या तीन रेघा ओढतो. तो आला त्या वर्षी मिल चालायला लागली, म्हणून तो बदलायचा विषय काढायचा नाही. मी एकदा काढला होता. मामीनं मला त्या दिवशी चहा दिला नाही.

पट्ट्यावरून सरकणाऱ्या तूरडाळीतला खडा कॅमेऱ्यातून ओळखणारा एक प्रोग्राम मी लिहिला. नांदेडला माझ्या नव्या लॅपटॉपवर तो झकास चालला. मामाला धीर कुठला! भाचीनं केलंय म्हणून अख्ख्या आडत बाजारात सांगून टाकलं, आणि इतर मिलवाल्यांना दुपारी चहाला बोलावून बसला.

मामा तोंडघशी पडलेला मला बघवला नसता. दहावीनंतर मी ह्याच घरी राहून क्लासला जात होते. क्लासच्या सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, पोरगी फार हळू आहे, घेऊन जा. वडील माझी बॅग भरायला लागले. मामानं ती बॅग माळ्यावर फेकली आणि मला एका साध्या शिकवणीला घातलं.

चहाच्या दिवशी सकाळीच लातूरला पोचून मी बिल्ड लावलं, म्हणजे मी लिहिलेलं प्रोसेसरच्या भाषेत करून घ्यायचं काम. ते निम्म्यावर जाऊन थांबलं. पडद्यावर दोनच शब्द, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. मामानं वाचले आणि आवाज खाली आणला.

"अगं, आपल्या मिलीत बेकायदेशीर काही न्हाई."

धूळ झाडली. रॅम काढून, पुसून बसवली. गाडी पुन्हा तिथंच अडली. मी इतकी चिडले की भस्मावरसुद्धा संशय घेतला, पण मामी दारातच उभी असल्यामुळे मनातल्या मनात. शेवटी प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी काढून वाचली. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर एका दमात आठ गणितं सोडवतो. मी वापरलेल्या तयार कोडनं गृहीत धरलं होतं की सगळ्यांनाच तसं येतं. ह्या म्हाताऱ्याला ते कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मामाला सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला. "मग येत न्हाई तेच सांगून राहिलीस कशाला त्याला?"

मी ती आठ गणितांची सोय बंद केली, अर्धवट बिल्ड पुसून नव्यानं लावलं, आणि ते शेवटपर्यंत गेलं. मला नाचावंसं वाटलं. पट्ट्याचा वेग मात्र निम्म्यावर आणावा लागला.

मिलवाले आले, चहा झाला. एकजण पट्ट्याकडं बघत म्हणाला, "मालक, लई हळू हाय की हे."

माझे कान तापले. नवा कॉम्प्युटर घ्या मग, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पडद्यावर लाल चौकोन उमटला. मामानं डाळीतून खडा उचलला आणि त्या माणसाच्या तळहातावर ठेवला.

"हाव, हळू हाय," माझ्याकडं बोट दाखवत मामा म्हणाला. "हिच्या क्लासवाल्यानंबी असंच सांगितलं होतं."